डिसेंबरची भुरभुर आणि दुसऱ्या दिवशीची धुई

मंडळी, जुलैत छत्रपती संभाजीनगरात दोन तास धो-धो पाऊस पडला तर जालना रोडवर पाणी साचतं, रिक्षा बंद पडतात, माणसं वैतागतात. पण दुचाक्या धडाधड आडव्या होत नाहीत. डिसेंबरात पाऊण तास नुसती भुरभुर झाली, की तेवढं मात्र हमखास होतं. इथं वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. हिवाळ्यातला वाटा इतका किरकोळ, की त्यासाठी कुणी तयारी ठेवत नाही. तेच नडतं. आज थंडीच्या कडाक्याबद्दल मी बोलणार नाही. दहा अंशांच्या थंडीनं आपल्या रस्त्यावर फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते पाण्यानं, धुईनं म्हणजे धुक्यानं, आणि उन्हानं. हो, उन्हानंसुद्धा.

आधी भुरभुर घेऊ. परतीचा पाऊस गेला की दोन-अडीच महिने रस्ता धुतलाच जात नाही. टायरच्या रबराची भुकटी, डिझेल-ऑइलचे थेंब, ब्रेकची काळी धूळ, आणि दिवाळीनंतर जोर धरलेल्या खोदकामांची माती, सगळं डांबरावर बसतं. जोराचा पाऊस ते अर्ध्या तासात वाहून नेतो. भुरभुर नेत नाही, ती नुसतं कालवते. म्हणून पहिली वीस-तीस मिनिटं सगळ्यात वाईट. जूनच्या पहिल्या सरीलाही हेच होतं, पण तेव्हा माणूस सावध असतो, रेनकोट डिकीत असतो, टायर बघून घेतलेले असतात.

सगळ्यात बुळबुळीत जागा कुठं असते? सिग्नलच्या थांबारेषेपाशी. तिथं गाड्या उभ्या राहतात, ऑइल ठिबकतं, आणि नेमका तिथंच प्रत्येक जण ब्रेक दाबतो. त्यानंतर झेब्राचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि उड्डाणपुलावरचे लोखंडी सांधे. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय, सक्तीचं झालं, पण शहरातल्या बहुतेक स्कूटर १२५ सीसीपर्यंतच्या. त्यांना असतो तो जोडब्रेक, म्हणजे एक दांडी दाबली तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. त्यानं चाक जाम व्हायचं थांबत नाही. म्हणून हँडल सरळ असतानाच ब्रेक, आधी हलका मग वाढवत, आणि तोही पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे संपवायचा. वळता वळता दाबला की गेलात.

गाडी घसरते ती एकाची. रस्ता अडतो तो दुसऱ्याच कारणानं. पाऊस आला की दुचाकीवाले उड्डाणपुलाखाली घुसतात. क्रांती चौक घ्या, मोंढा नाका घ्या, पुलाखाली पन्नास गाड्या उभ्या राहिल्या की डावीकडची अर्धी रुंदी गेली. मागून येणाऱ्या बसला पुढं काय चाललंय हे कळत नाही, ती हॉर्न वाजवत बसते. थांबायचंच असेल तर पुलाच्या खांबांमधल्या जागेत गाडी आत घ्यावी, रस्त्याच्या कडेला रांग लावू नये. झाडाखाली तर नकोच; वादळी पावसात फांदी पडते आणि वीजही तिथंच गाठते. त्यातच वीज जाऊन सिग्नल बंद पडले, तर नियम साधा आहे: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि गोल चौक असेल तर आत शिरलेल्याला. नियम बहुतेकांना माहीत आहे, पाळायची तेवढी लाज वाटते.

गारांचं थोडक्यात सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यानं गारपीट काय असते ते पाहिलं, ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना-बीडकडं पुन्हा पाहिलं. डांबरावर पसरलेली गार चाकाखाली छऱ्यासारखी फिरते, म्हणून वेग उतरवायचा तो ॲक्सिलरेटर सोडून. कार उभी करताना तोंड गारांच्या दिशेला ठेवा. पुढची काच दोन थरांची असते, तडकली तरी जागेवर राहते. बाजूची आणि मागची फुटली की तिचा चुरा होतो.

आता खरा मुद्दा, धुईचा. आपल्याकडं हिवाळ्यात एरवी कोरडं उत्तरेकडचं वारं. हवेत ओलच नसते, त्यामुळे नुसती थंडी पडली तरी धुई पडत नाही. ती पडायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: जमिनीत ओल, लांब रात्र, निरभ्र आकाश आणि जवळजवळ थांबलेलं वारं. आता हिशोब करा. आज दुपारी अवकाळी पाऊस झाला, आभाळ होतं तोवर रात्र उबदार राहिली. मध्यरात्री आभाळ फाकलं, वारं पडलं, जमिनीची ऊब भराभर वर निघून गेली. पहाटे धुई ठरलेली. म्हणून पावसाच्या दिवसापेक्षा त्याच्या दुसऱ्या पहाटेला जास्त जपायला हवं. आणि नेमकं त्या दिवशी, पाऊस गेला म्हणून, सगळे निर्धास्त असतात.

धुई सगळीकडं सारखी नसते. थंड हवा जड, ती उतारानं वाहत जाऊन खोलगट जागी साचते: खाम आणि सुखना नदीचं पात्र, ओढ्यांवरचे पूल, पाणी दिलेल्या उसाचे फड. टेकाडावर लख्ख दिसतं, पुलावर उतरलात की कापसाच्या गंजीत शिरल्यासारखं. कुठं पाचट जाळलेलं असेल, कचरा पेटवलेला असेल, तर धूर त्यात मिसळून आणखी गच्च होतं. आणि सूर्य उगवला की धुई लगेच विरते असं समजू नका. पहिल्या उन्हानं जमिनीलगतची हवा ढवळली जाते आणि थोडा वेळ ती उलट दाटते. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दिवस सगळ्यात लहान, पण सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यात, आपल्याकडं सातनंतर काही मिनिटांनी. म्हणजे वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांची पहिली पाळी, शाळेच्या रिक्षा, दूधवाले आणि कारखान्याकडं निघालेला ऊस, सगळे एकाच वेळी त्या दाट धुईत.

हवामान खातं एक हजार मीटरच्या आत दिसत असेल तर धुकं म्हणतं, दोनशेच्या आत दाट आणि पन्नासच्या आत अतिदाट. चालवताना हे मीटर मोजायचे कसे? रस्त्यावरचे दिव्यांचे खांब मोजा. दोन खांबांत साधारण तीस मीटर धरा. आता वेगाकडं या. ओल्या रस्त्यावर, चांगल्या टायरची कार, माणूस जागा, ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद. ताशी ४० ला गाडी पूर्ण थांबायला सुमारे ३२ मीटर लागतात, ६० ला ६०, ८० ला ९६, आणि समृद्धी महामार्गावर कारला मुभा असलेल्या १२० ला तब्बल १९० मीटर. म्हणजे पुढचे तीन खांब दिसत असतील तर साठच्या खाली, दोन दिसत असतील तर चाळीस, एकच दिसत असेल तर वीस. भरलेल्या ट्रकनं याहून कमी ठेवावा. आणि डोळ्यावर विसंबू नका, वेगाच्या काट्याकडं बघा. धुईत कडेची झाडं फिकट दिसतात, त्यामुळे आपण हळू चाललोय असा भास होतो आणि पाय आपोआप दाबला जातो.

दिवा खालचाच लावायचा. वरचा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चारही इंडिकेटर लुकलुकत चालवण्याची जी पद्धत पडली आहे ती मला अजिबात पसंत नाही. मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय हे कळत नाही, आणि वळणार असाल तर तेही कळत नाही. ते उभ्या गाडीसाठी. काचेला आतून वाफ धरली तर फडक्यानं पुसत बसू नका. एसी लावा, बाहेरची हवा आत घेण्याची कळ दाबा, वारा काचेवर सोडा. एसी हवा कोरडी करतो, काच मिनिटाभरात मोकळी होते. आतलीच हवा फिरत राहिली तर चार माणसांच्या श्वासाची ओल जाणार कुठं? हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवा. टायरची हवा सकाळी गार असताना तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की सुमारे एक पीएसआय कमी होते, आणि आपल्याकडं दुपार-पहाटेत अठरा-वीस अंशांचा फरक सहज असतो.

उन्हाचं म्हणालो होतो. जालना रोड बराचसा पूर्व-पश्चिम आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि बराच वेळ खालीच राहतो. सकाळी चिकलठाण्याकडं जाणाऱ्याच्या थेट डोळ्यांत, संध्याकाळी शहराकडं परतणाऱ्याच्याही. धुई विरली, रस्ता अजून ओला, आणि त्यावरून ऊन परावर्तित होतं, तेव्हा पुढचा लाल सिग्नल पेटलाय की नाही हे दिसतच नाही. त्यात काचेवर महिनाभराची धूळ आणि वाळलेला वायपर. पाणी न सोडता वायपर फिरवलात तर चिखलाचा पोतेरा होतो. वायपरचं रबर ऑक्टोबरात बदलून घ्या, पाण्याच्या टाकीत थोडं शाम्पू टाका.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं बोलतोय ती गोष्ट: उसाची ट्रॉली. दसरा-दिवाळीला तोडणीच्या टोळ्या गेल्या की मार्चपर्यंत पैठण, गंगापूर, बीड, अंबाजोगाई, लातूर, सगळ्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. हंगामाच्या सुरुवातीला लाल चकाकणारी पट्टी चिकटवतात, फोटो निघतात. पंधरा दिवसांनी तीच ट्रॉली मागून बघा. मोळ्यांची वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाली लोंबून पट्टी झाकते, उरलेल्यावर काळ्या मातीचा थर. दिव्याची वायर पहिल्या वळणालाच तुटलेली, कारण ती ताणून जोडलेली असते आणि वळताना दोन ट्रॉल्यांमधलं अंतर वाढतं. उपाय महागाचा नाही. वायर दांडीला बांधून न्यायची, जोडाजवळ हातभर ढील सोडायची. ऊस भरून झाल्यावर, आधी नव्हे, लाल चकाकणारं कापड तारेच्या आकड्यानं शेवटच्या मोळीवर अडकवायचं. निघताना ओल्या गोणपाटानं पट्टी पुसायची. मिनिटभराचं काम. ट्रॉली रस्त्यात बंद पडली की मागं दगड ठेवतात आणि निघताना तिथंच विसरतात, तेही उचलायचे. लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, अख्खं शहर शेताकडं निघतं. त्या सकाळी आणि अंधार पडल्यावर परतताना या ट्रॉल्यांच्या मागं लहान मुलांना घेतलेल्या दुचाक्या असतात.

तुमचीच गाडी धुईत बंद पडली तर आधी ती डांबरावरून पूर्ण खाली घ्या, चारही इंडिकेटर लावा, माणसं डाव्या बाजूनं उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडं उभी करा. गाडीच्या मागं तर मुळीच उभं करू नका. धोक्याचा लाल तिकोण पन्नास मीटरवर ठेवायची सवय असते. मघाचा आकडा आठवा, ऐंशीच्या वेगाला थांबायला ९६ लागतात. तेव्हा महामार्गावर किमान दीडशे पावलं मागं जा, कठड्याच्या बाहेरून चालत, आणि तिकोणाच्या पायावर दगड ठेवा, नाहीतर पहिल्याच ट्रकच्या वाऱ्यानं तो उडून जातो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा, फोनवर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. ‘ढाब्याच्या पुढं’ म्हणून सांगितलं तर धुईत ढाबा त्यांनाही दिसत नाही.