फळ्यासमोर ४५ मिनिटं

[रिकामी खोली. पांढरा फळा, खाली तीन मार्कर.]

खोलीत अजून कुणी आलेलं नाही. फळा पुसलाय, पण घाईत. डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बाणाचं शेपूट राहून गेलंय. थोड्या वेळात इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या मुलाखतीला एक उमेदवार येईल. सहा वर्षांचा अनुभव, काम बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या पडद्यामागचा कोड लिहिण्याचं. तिचं नाव आम्ही घेत नाही, कारण आधीची नोकरी अजून चालू आहे.

इथवर पोचायला तिला तीन आठवडे लागले. आधी एचआरचा फोन, मग ऑनलाइन टेस्ट, मग व्हिडिओ कॉलवर एक राउंड. आजचा चौथा.

[मार्कर धरलेला हात, जवळून.]

प्रश्न आहे बायनरी सर्चचा. चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतून एक शोधायचा. मधला बघायचा, हवा तो त्याहून मोठा असेल तर डावीकडचे सगळे सोडून द्यायचे, लहान असेल तर उजवीकडचे. दहा लाख आकडे असले तरी २० वेळा बघून काम भागतं. हे तिला येतं. पहिल्या चार ओळी हात न थांबता उतरल्या.

पाचव्या ओळीला मागे बसलेल्या मुलाखतीच्या पॅनलमधून आवाज येतो: 'बोलत राहा, काय विचार करताय ते आम्हाला कळू द्या.'

मार्कर थांबतो.

या प्रश्नामागची गोष्ट सांगायलाच हवी. ही पद्धत पहिल्यांदा छापून आली १९४६ मध्ये. यादी कितीही लांबीची असो, बिनचूक चालेल असं तिचं रूप छापून यायला १९६० चं दशक उजाडलं. पुढे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, ती आली, तीही एक चूक घेऊन, आणि ती चूक तिथे सुमारे नऊ वर्षं कुणाच्या नजरेत न येता राहिली. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीर केली. तो कोड त्यांनी स्वतःच लिहिलेला होता. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून निम्मी केली होती, एवढंच. पण बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ती ठरलेल्या जागेत मावत नाही, तिची किंमत उणे होते, आणि प्रोग्रॅम कोसळतो.

[फळा. सहावी ओळ.]

आता ही ओळ बघा. तीच बेरीज. तिने ती लिहिली, क्षणभर बघितली, तळव्याने पुसली आणि वजाबाकी वापरून पुन्हा मांडली. कुणी काही सुचवलं नव्हतं. पॅनलवरचे एक जण त्या वेळी लॅपटॉपवर टाइप करत होते. शॉटमध्ये ते स्पष्ट दिसतं.

ती अडली ती नंतर, लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा मधला बघण्याची फेरी, कधी थांबवायचा यावर. एक आकडा उरला की, एकही उरला नाही की? एरवी अशा ठिकाणी ती एक छोटी टेस्ट लिहिते, चालवते आणि पुढे जाते. फळ्यावर काही चालवून बघता येत नाही.

[घड्याळ. मग तिची पाठ.]

२०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना घेऊन तपासलं, की समोर कुणी बघत असताना असा प्रश्न कितपत सुटतो. काहींना प्रश्न देऊन खोलीत एकटं सोडलं. बाकीच्यांनी परीक्षकासमोर, विचार बोलून दाखवत, तो सोडवला. समोर कुणी बसलेलं असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. प्रश्नांची काठिण्यपातळी तीच होती. मग त्या ४५ मिनिटांत नेमकं काय मोजलं जातं? उमेदवाराला अर्धा तास एकटं सोडावं, मग आत येऊन कोडवर बोलावं, इतका साधा बदल आहे हा. त्याला पैसाही लागत नाही.

[डस्टर फिरतो. सहावी ओळ सगळ्यात शेवटी जाते.]

नकाराची मेल सहाव्या दिवशी आली. कारण दिलेलं नाही.

[बंद दार. आतून कीबोर्डचा आवाज.]

हे मुलाखतीच्याच रात्रीचं चित्रीकरण. तोच प्रश्न ती पुन्हा सोडवायला बसली होती. कॅमेरा बाहेर ठेवा, असं तिने सांगितलं, म्हणून आम्ही दाराशी थांबलो. ११ मिनिटांनी तिने आत बोलावलं.

[लॅपटॉपचा पडदा. टेस्ट पास झाल्याच्या हिरव्या ओळी. निवेदन नाही.]