बाडातली रिकामी भोकं

नमस्कार मंडळी. आज मी पुस्तक शिवायला कशी शिकले ते सांगणार आहे. हो, शिवायलाच, सुईदोरा घेऊन. मी मूळची पुण्याची, नारायण पेठेतली, आणि गेली बरीच वर्षं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या शार्लट शहरात राहते. तिथून दोन-अडीच तास गाडी चालवली की ब्लू रिजचे डोंगर लागतात आणि त्या डोंगरात पेनलंड नावाची हस्तकलेची शाळा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात मी दोन आठवड्यांची रजा टाकली आणि तिथे राहून पुस्तकबांधणीचा कोर्स केला. बॅगेत आजीच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं आमच्या घरचं बाड होतं, खरं तर त्याच्यासाठीच गेले होते.

बाड म्हणजे काय हे आता नवीन मुलांना सांगावं लागतं. लांबट वही, वरच्या अरुंद कडेला शिवलेली, पानं खालून वर उलटायची. माझे पणजोबा कीर्तन करायचे, त्यांनी त्यात अभंग, पदं, आर्या बोरूने लिहून ठेवल्यात, काळ्याभोर शाईत. पुढे ते बाड आजीकडे आलं आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर तिने फाउंटन पेनने ओव्या लिहिल्या, लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण लिहिलं, आणि समासात पेन्सिलने दुधाचा हिशोब, कोणाचं बाळंतपण कधी झालं, असं सगळं. मग १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, आमच्या घरातही शिरलं आणि हे बाड त्यात भिजलं. पणजोबांची काळी शाई काजळाची, ती तशीच राहिली. पेन्सिल तशीच राहिली. आजीच्या ओव्या मात्र नुसत्या निळसर धुक्यासारख्या दिसतात, एखादा शब्द लागतो, बाकी वाहून गेलं. नंतर कधीतरी घरातल्याच कोणीतरी प्रेमाने फाटक्या पानांना सेलोटेप लावला, आणि तो सेलोटेप आता तपकिरी होऊन पानालाच खातोय. मला वाटायचं आपण शिकू, टेप काढू, नीट करू.

तर शाळेबद्दल. तिथे १९२० मध्ये लूसी मॉर्गन नावाच्या बाई शिक्षिका म्हणून आल्या. डोंगरातली गरीब वस्ती, बायकांच्या हातात रोख पैसा नाही, आणि घरोघरची विणकाम करायची जुनी पद्धत विसरत चाललेली. या बाईंनी १९२३ मध्ये केंटकीतल्या बेरीया कॉलेजात जाऊन स्वतः माग चालवायला शिकून घेतलं, परत येऊन गावातल्या बायकांना घरच्या घरी माग दिले, विणलेला माल विकायची सोय केली. मग शिकागोचे एक नावाजलेले विणकर, एडवर्ड वर्स्ट, तिथे शिकवायला यायला लागले, तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी विचारलं आम्हालाही बसू द्याल का, आणि १९२९ मध्ये त्यातून ही शाळा उभी राहिली. आज तिथे काच, लोखंड, माती, लाकूड, विणकाम, छपाई, कागद, पुस्तक असं सगळं शिकवतात, परीक्षा नाही, मार्क नाहीत, स्टुडिओ रात्रभर उघडे. माझ्या टेबलावर एक रिटायर्ड नर्स होती, एक लायब्ररीत काम करणारा माणूस होता, आणि एक विशीतली मुलगी जी भांडी घासायच्या कामाच्या बदल्यात शिकत होती, तशी सोय आहे तिथे आणि मला ती फार आवडली.

पहिल्याच दिवशी मी बाड काढून आमच्या बाईंपुढे ठेवलं. त्यांनी हात धुतले, पुसले, मग उघडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, हे आता गुंडाळून ठेव, याला या दोन आठवड्यांत हात लावायचा नाही, आधी कोऱ्या वह्या शिव, दहा तरी शिव. मी हिरमुसले. पण ऐकलं ते बरं झालं.

कारण मला कागदाचाच पत्ता नव्हता. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे कारखान्यात कागद बनताना त्यातले तंतू एका दिशेने लोळतात. वर्तमानपत्राचं पान घ्या आणि फाडून बघा, एका बाजूने सरळ रेषेत फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, हे आपण हजार वेळा केलंय पण कधी लक्षात घेतलेलं नाही. पुस्तकात ही दिशा शिवणीला समांतर पाहिजे. आडवी झाली की पान मोकळं पडत नाही, पुस्तक उघडं राहत नाही, ओल लागली की पुठ्ठा वाकतो. माझी पहिली वही अशीच झाली, पुठ्ठ्यावर मी एकाच बाजूने कागद चिकटवला होता, सकाळी बघते तर पापडासारखा वाकलेला. बाई म्हणाल्या, ओला कागद वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून आतल्या बाजूनेही कागद लावायचा, दोन्हीकडून ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ.

आणि खळ! गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवायची होती, गुठळी न होता, मंद आचेवर ढवळत. वर्गातले लोक कष्टाने शिकत होते आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, दिवाळीत आकाशकंदील करायला आई मैद्याची खळ करायची ना, तोच वास, तीच चकाकी, पळीवरून पडताना तसाच पदर. आपल्याकडचे बाइंडर त्यात मोरचूद घालतात, किडे लागू नयेत म्हणून. बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मी वहीत दोनदा लिहून घेतली: खळ पाण्याने पुन्हा सुटते. पन्नास वर्षांनी कोणाला हे पुस्तक उघडून दुरुस्त करायचं झालं तर थोडी ओल द्या, सुटेल. प्लॅस्टिकचा पांढरा गोंद एकदा वाळला की तसा सहज सुटत नाही, कागद फाटतो पण गोंद सोडत नाही.

मग शिवण. कागदाच्या घड्या एकात एक घालून फर्मा करायचा, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, टोच्याने भोकं पाडायची, दोऱ्याला मेण लावायचं. आम्ही जी शिवण सगळ्यात जास्त केली ती कॉप्टिक, इजिप्तमधली. १९४५ मध्ये तिथे नाग हम्मादी गावाजवळ मातीच्या रांजणात चामड्यात बांधलेल्या जुन्या पोथ्या सापडल्या, चौथ्या शतकातल्या. त्या कधीच्या ते कशावरून कळलं माहितीये? वेष्टण ताठ राहावं म्हणून बांधणाऱ्याने आत रद्दी चिकटवली होती, पावत्या, पत्रं, आणि त्यातल्या काहींवर तारखा होत्या. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचा बाइंडर आणि आप्पा बळवंत चौकातला बाइंडर, दोघंही पुठ्ठ्याला रद्दीच वापरणार. कॉप्टिक शिवण पाठीवर उघडी दिसते आणि ती दिसते कशी, तर आपल्या भरतकामातल्या साखळी टाक्यासारखी. सुई खालच्या टाक्याच्या मागून घालायची, ओढायची, पुढे जायचं. गोंद जवळजवळ नाहीच. वही टेबलावर सपाट उघडते, हात सोडला तरी मिटत नाही.

एका रात्री जेवणानंतर आम्ही बाहेर बसलो होतो, समोरच्या कुरणात काजवे, अगदी भंडारदऱ्याला जूनमध्ये दिसतात तसे, आणि बाईंनी फ्लोरेन्सची गोष्ट सांगितली. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत आर्नो नदीला पूर आला, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात चिखल आणि तेल मिसळलेलं पाणी शिरलं, लाखो पुस्तकं त्यात बुडाली. जगभरातून लोक गेले, कॉलेजातली पोरं साखळी करून हातोहात पुस्तकं बाहेर काढत होती, भिजलेली पानं तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांमध्ये वाळवली. पुस्तकं जपायचं आजचं बरंचसं शास्त्र त्या चिखलात शिकलेल्या माणसांनी उभं केलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की जुन्या पुस्तकांमधली मऊ चर्मपत्राची, सरस न लावता नुसती शिवून बांधलेली पुस्तकं त्या पाण्यातून त्यातल्या त्यात नीट निघाली होती.

मला राहवलं नाही, मी म्हटलं आमच्याकडे पाच वर्षं आधीच पूर आला होता. खोलीतून बाड आणलं. बाईंनी स्टुडिओत दिव्याखाली धरलं, भिंग घेतलं, एक घडी मधोमध उघडली आणि मला म्हणाल्या, भोकं मोज.

मोजली. आठ होती. दोरा फक्त तिनातून जात होता. बाकीची पाच रिकामी, कडा झिजलेल्या, आणि एका भोकात जाड तपकिरी धाग्याचा केसाएवढा तुकडा अडकलेला. पुढची घडी, तेच. त्याच्या पुढची, तेच. मग त्यांनी दोरा दाखवला. पांढरा होता, रिळाचा, आपण गोधडीला वापरतो तसला. सगळ्या पानांवर पुराच्या पाण्याची चहाच्या डागासारखी रेघ आहे, आणि दोरा पांढरा. गढूळ पाण्यात बुडालेला दोरा पांढरा राहीलच कसा? आणि एका ठिकाणी ती डागाची रेघ मोडते, एक घडी उलटी लागलीये, इतक्या वर्षांत आमच्या घरात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे पुरानंतर कोणीतरी हे बाड पूर्ण उसवलं होतं. पान न् पान वेगळं करून वाळवलं होतं आणि पुन्हा शिवलं होतं.

तिथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे पुण्यात सकाळचे सात. मी वायफायवरून आत्याला फोन लावला. पुराच्या वेळी आत्या दहा वर्षांची होती. ती म्हणाली, अगं हो, आईनेच की, पूर ओसरला तेव्हा भिंतीला चिखल, चूल नाही, आम्ही नातेवाइकांकडे राहायला गेलो होतो आणि आईने ते सोडलं, त्यांच्या माळ्यावर पानं पसरली, रोज उलटी करायची, मग गादीखाली ठेवून सपाट केली. शिवताना कंदील मी धरला होता. मग थांबली आणि म्हणाली, ती ओव्यांची पानं वाळली तेव्हा ती काहीच बोलली नाही, नुसती बघत बसली, मग पेन्सिल घेतली आणि पुढचं सगळं पेन्सिलनेच लिहिलं.

मी ते सगळं बाईंना इंग्रजीत सांगताना दोनदा थांबले.

त्यानंतर मी बाड नीट करायचं म्हणणं सोडून दिलं. आजीचे टाके उसवायला माझा हात धजणार नाही आणि गरजही नाही, ते अजून घट्ट आहेत. सेलोटेप तज्ज्ञाकडूनच काढायचा, ते माझं काम नाही. मी उरलेल्या दिवसांत दोनच गोष्टी केल्या, बाडाच्या मापाची कापड लावलेली पेटी केली आणि त्याच मापाचं, आठही भोकांचं नवीन कोरं बाड शिवलं, पाच जाड तपकिरी दोऱ्याने आणि तीन पांढऱ्याने.

पुढच्या वर्षी, २७ सप्टेंबर २०२४ ला, हेलीन वादळ त्या डोंगरात आलं. शाळेजवळच्या स्प्रूस पाइन गावात नॉर्थ टो नदी घुसली, शाळेत झाडं पडली, वीज गेली, त्या वर्षीचे राहिलेले कोर्स रद्द झाले. आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले, कोणाचा कागद भिजला, कोणाच्या आजोबांचे फोटो भिजले, काय करू. मी तिथे शिकलेलं आणि आत्याकडून ऐकलेलं असं दोन्ही लिहून पाठवलं, तेच तुम्हालाही सांगते, कारण पाऊस आपल्याकडेही दरवर्षी येतो. ओली वही ओढून उघडू नका, ओला कागद फार नाजूक असतो. कडक उन्हात टाकू नका, सुरकुततो आणि पाठ तडकते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, पानांमध्ये कोरा टिपकागद घालून, तो पुन्हा पुन्हा बदलत वाळवा. दोनेक दिवसांत बुरशी धरायला लागते, तेव्हा सगळं एकदम वाळवणं होत नसेल आणि वीज असेल तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा, वेळ मिळतो, मग एकेक काढून वाळवा. आणि कृपा करून सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, ते घरी काढता येत नाही. चुलत्याकडे, मावशीकडे ट्रंकेत अशी वही असेल तर निदान एकदा मधली घडी उघडून शिवण बघा, दोरा कसला आहे, भोकं किती आहेत.

या खेपेला पुण्यात आले तेव्हा नवीन बाड आत्याकडे घेऊन गेले. तिच्या शेजारी बसले, ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले, माळ्याची खिडकी कोणत्या बाजूला होती, कंदिलाची काच तडकलेली होती, तिचा हात दुखायला लागला की आई म्हणायची, अजून एकच घडी गं. पेन्सिलनेच लिहिलं सगळं. सात पानं झालीयेत, आणि पुढच्या रविवारी परत बसायचं ठरलंय.