एकाच फांदीचे दोन: हुर्राक आणि ओल्या काजूची उसळ

(दृश्य: काजूची बाग, सकाळ. एकाच फांदीवर मोहोर, हिरवी बी आणि पिकलेलं बोंडू.)

मार्चमध्ये गोव्यात किंवा सिंधुदुर्गात काजूच्या झाडाखाली उभं राहून वर पाहा. एकाच फांदीवर मोहोर असतो, हिरवी कोवळी बी असते आणि पिवळं नाहीतर लाल झालेलं बोंडू, म्हणजे बीला लागून असलेलं रसाळ फळही असतं. काजूचा मोहोर एकदम फुलत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. त्यामुळे फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत कोवळा गर आणि पिकलं बोंडू ही दोन्ही एकाच बागेत मिळतात.

(दृश्य: हिरव्या बीचा जवळून घेतलेला शॉट. बीच्या देठाकडे जेमतेम दिसणारं बोंडू.)

ही बी नीट बघा. आकाराने ती जवळजवळ पूर्ण वाढलीय, पण तिच्यामागचं बोंडू अजून बोटाच्या पेराएवढंही नाही. काजूत आधी बी मोठी होते आणि बोंडू मागाहून फुगतं. म्हणून ओल्या गरासाठी बी खुडली की त्या देठावरचं बोंडू गेलं. कुठल्या फांदीची बी भाजीला काढायची आणि कुठली बोंडासाठी राखायची, हे बागायतदाराला फेब्रुवारीतच ठरवावं लागतं.

या बोंडांच्या रसापासून हुर्राक ही हंगामी दारू होते आणि कोवळ्या गरांची उसळ होते. आज या दोघांना एका टेबलावर आणायचं आहे. त्यासाठी एक गोष्ट आधी ठरवून टाकू: आंबट, खारट आणि तिखट यांची जागा ग्लासात. ताटातली उसळ गोडसर, दुधाळ आणि साधी राहू द्यायची.

(दृश्य: जमिनीवर पडलेली बोंडं वेचणाऱ्या बायका. बी पिळून वेगळी करण्याची हालचाल.)

काजू हे झाड मूळचं ब्राझीलचं. पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात इकडे आणलं. बोंडापासून दारू गाळण्याची कला मात्र गोव्यातच रुजली आणि वाढली. त्यातली पहिली अट म्हणजे बोंडू झाडावरून तोडायचं नाही. ते पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेलं हवं. कच्च्या बोंडात तुरटपणा जास्त आणि साखर कमी असते. रस आंबतो तो साखरेच्या जोरावर, त्यामुळे कच्ची बोंडं मिसळली की दारू कमी पडते आणि तिला उग्र, तुरट वास राहतो.

वेचलेल्या बोंडांच्या बिया काढतात. मग बोंडं तुडवतात, पारंपरिक पद्धतीत दगडात कोरलेल्या कुंडात, पायांनी. बऱ्याच ठिकाणी आता यंत्राचा दाबही आला आहे. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर वजन ठेवतात आणि त्यातून जो नितळ रस ठिबकत राहतो तो निरो. निरो तसाच थंड करून पितात. मात्र उन्हाळ्यात तो काही तासांतच आंबायला लागतो, म्हणून सकाळचा निरो दुपारच्या आत संपवावा.

(दृश्य: भट्टी. लाकडांचा जाळ, तांब्याचं भांडं, नळी, थंड पाण्यात बसवलेलं भांडं.)

भट्टीसाठीचा रस साधारण तीन दिवस आंबू देतात. त्यात बाहेरून यीस्ट घालत नाहीत, सालीवर आणि हवेत असतं तेवढं पुरतं. बुडबुडे थांबत आले की रस भट्टीवर चढतो. पहिल्या धारेत जो निघतो तो हुर्राक. हाच हुर्राक आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी होते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती बाटलीत भरून वर्षभर विकली जाते आणि तिच्यात अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के असतं. हुर्राक तिच्यापेक्षा बराच सौम्य, फळाच्या वासाचा आणि हंगामापुरता. त्याची तीव्रता भट्टीगणिक बदलते. म्हणून बाटलीवर लिहिलेलं असेल तर वाचून घ्या आणि नसेल तर पहिला ग्लास हलका भरा.

(दृश्य: पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतला हुर्राक काचेच्या बाटलीत ओतला जातो.)

हुर्राक पुष्कळदा पाण्याच्या वापरलेल्या प्लास्टिक बाटलीतच मिळतो. घरी आणल्याबरोबर तो स्वच्छ काचेच्या बाटलीत ओता. बाटली गळ्यापर्यंत भरा, कारण रिकाम्या जागेतली हवा वास उडवते. घट्ट बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. चांगला हुर्राक पाण्यासारखा स्वच्छ दिसतो आणि बूच काढताच पिकल्या बोंडाचा वास येतो. नाकाला नुसतं स्पिरिट झोंबत असेल, तर लिंबू-सोडा घालूनही तो सुधारणार नाही. आणखी एक: गोव्याबाहेर दारू नेताना परवाना लागतो, तो आधी काढा.

(दृश्य: म्हापशाचा बाजार. पानावर मांडलेले ओले काजूगर.)

आता ताटाकडे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि सावंतवाडीच्या बाजारात ओले काजूगर शेकड्यावर मिळतात. शंभर गर म्हणजे आकारानुसार दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरतात. चौघांच्या उसळीला शंभर पुरे. गर घेताना एक हातात घेऊन नखाने हलकं दाबा. नख सहज रुतलं आणि आत पांढरा ओलावा दिसला की गर कोवळा आहे. पिवळट आणि टणक लागला तर तो जून. जून गर शिजतो, पण खाताना भुरभुरीत लागतो.

(दृश्य: तेल लावलेले हात, धारदार सुरी, उभी चिरलेली हिरवी बी.)

सबंध बिया मिळाल्या असतील तर इथे घाई करू नका. काजूच्या टरफलात कातडी जाळणारा चीक असतो. काजू हा आंबा आणि बिब्बा यांच्याच कुळातला आणि या चिकाचा स्वभाव बिब्ब्याच्या तेलाशी मिळताजुळता. हाताला लागला की आधी काही वाटत नाही. मग त्वचा काळी पडते, जळजळते आणि चार-सहा दिवसांत तिची सालपटं निघतात. तो डोळ्याला किंवा ओठाला लागला तर फार त्रास होतो.

म्हणून दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांतही, खोबरेल तेल भरपूर चोळा, नाहीतर जाड हातमोजे घाला. बी विळीवर किंवा सुरीने उभी चिरा आणि बारीक काडीच्या टोकाने गर उचला. गराला टरफलाच्या कापलेल्या कडेचा स्पर्श होऊ देऊ नका. काम संपलं की हात आधी तेलाने पुसा आणि मग साबणाने धुवा. चीक तेलात विरघळतो, नुसत्या पाण्याने तो पसरतो. सुरी आणि पाटही असेच स्वच्छ करा. कपड्यावर पडलेला डाग जात नाही, तेव्हा जुने कपडे घाला.

(दृश्य: गरम पाण्यातले गर. दोन बोटांत दाबून साल सुटते.)

गरावर एक पातळ साल असते. कडकडीत गरम, पण उकळत नसलेल्या पाण्यात गर पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. मग दोन बोटांत धरून दाबला की साल सुटून येते. साल काढायचा कंटाळा करू नका, सगळा तुरटपणा तिच्यात असतो. ती राहिली तर उसळ करडी दिसते आणि घशाला धरते. याच कारणाने ही भाजी लोखंडी कढईत करायची नाही, सालीचे कण राहिलेले असले तर रंग आणखी काळवंडतो. पितळेची कल्हई केलेली किंवा स्टीलची कढई घ्या.

(दृश्य: कढईत फोडणी.)

दोन मोठे चमचे खोबरेल तेल मध्यम आचेवर तापवा. अर्धा छोटा चमचा मोहरी टाका, ती तडतडली की दोन चिमूट हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं आणि पाव छोटा चमचा हळद. हळद जळू न देता लगेच शंभर गर घाला आणि दोन मिनिटं हलक्या हाताने परता. एक वाटी गरम पाणी ओता. गार पाणी घातलं तर उकळी मोडते आणि गर एकसारखे शिजत नाहीत. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घाला. झाकणाच्या त्या पाण्यामुळे वाफ आतल्या आत गार होऊन थेंबांनी परत पडते आणि तळाला लागत नाही. आच मंद करून दहा ते पंधरा मिनिटं शिजवा.

दहाव्या मिनिटाला एक गर काढून बोटांत दाबा. मधल्या रेघेवर तो दुभंगला आणि तरी कडा शाबूत राहिल्या की झालं. आणखी शिजवलात तर गर फुटतात, त्यांचा पिठूळपणा पाण्यात उतरतो आणि उसळीची खीर होते. कच्चा राहिला तर दाताखाली खडूसारखा लागतो. आता अर्धा छोटा चमचा मीठ, सुपारीएवढा गूळ आणि अर्धी वाटी ताजं खवलेलं खोबरं घाला. दोन मिनिटं झाकण काढून ठेवा, पाणी आटू द्या, अंगासरशी रस राहिला की आच बंद. वर थोडी कोथिंबीर. खोबरं सुरुवातीला घातलं तर त्याचं तेल सुटतं आणि चव निर्जीव होते, म्हणून ते शेवटी.

(दृश्य: तयार उसळ, शेजारी वाटलेला मसाला बाजूला सारलेला.)

मालवणी घरांत हीच उसळ कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटण आणि मसाला घालून करतात, गोव्यात तिचं तोणाक, म्हणजे वाटणाची रस्साभाजी, होतं. दोन्ही भाकरीसोबत उत्तम. पण हुर्राकाबरोबर नकोत. भाजलेलं खोबरं, लवंग, धणे यांच्यापुढे हुर्राकाचा फळाचा वास टिकत नाही आणि ग्लासात नुसती दारू उरते. टोमॅटो, कोकम, चिंच यांतलंही काही घालू नका. आंबटामुळे गर लवकर मऊ होत नाहीत आणि लिंबू तर ग्लासात आहेच. बटाटा घालून उसळ वाढवण्याची रीत आहे, ती गर कमी मिळाले तर समजण्यासारखी. पण बटाटा काजूचा गोडवा पिऊन टाकतो. गर थोडे असतील तर उसळ थोडीच करा.

हंगामाबाहेर सुके काजू रात्रभर भिजवून हे करता येतं, ते भाजलेले किंवा खारवलेले मात्र नसावेत. शिजायला पाणी दीडपट लागतं. चव वेगळी येते, दुधाळपणा कमी असतो. ओले गर जास्तीचे मिळाले तर साल काढून, पुसून कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि शिजवताना थेट गोठलेलेच कढईत टाका.

(दृश्य: उंच ग्लास, लिंबू, उभी चिरलेली हिरवी मिरची.)

उसळीचं झाकण काढलं की ग्लास भरायला घ्या, आधी नको. मोठा उंच ग्लास, थंड केलेला. त्यात साठ मिलिलीटर हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. मीठ याच वेळी विरघळवून घ्या. सोडा ओतल्यावर मीठ टाकलं की फेस उसळून ग्लासाबाहेर येतो आणि पेय सपक होतं.

एक हिरवी मिरची देठासकट घ्या. टोकापासून निम्म्यापर्यंत एकच उभी चीर द्या आणि ती हुर्राकात दोन मिनिटं राहू द्या. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चटकन उतरतो. म्हणून मिरची बारीक चिरून टाकली तर पाचव्या मिनिटाला ग्लास पिण्याजोगा राहत नाही. चीर दिलेली मिरची देठाला धरून हवी तेव्हा काढता येते.

आता बर्फाचे पाच-सहा मोठे तुकडे. बारीक बर्फ लवकर वितळतो. वरून दीडशे मिलिलीटर थंड लिम्का ग्लासाच्या कडेने ओता आणि लांब चमच्याने तळापासून एकदाच वर उचला. जास्त ढवळलं की बुडबुडे जातात. लिम्का फार गोड वाटत असेल तर तिच्याऐवजी साधा सोडा आणि त्यात पंधरा मिलिलीटर साखरेचा पाक. पाक साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला.

एप्रिलमध्ये कोकम पिकायला लागलं की लिंबाऐवजी दोन छोटे चमचे कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला घट्ट रस, घालता येतं. आगळ खारट असतं, तेव्हा वरचं मीठ वगळा. रंग सुरेख येतो, पण कोकम हुर्राकाच्या वासावर थोडं चढतं. आमचं मत लिंबाच्या बाजूने आहे.

(दृश्य: केळीच्या पानाच्या तुकड्यावर उसळ, शेजारी ग्लास.)

उसळ गरम नको, कोमट वाढा. बर्फाळ घोटानंतर तोंडात वाफाळता घास आला की काजूची चवच कळत नाही. आधी दोन घास, मग घोट. काजूतली स्निग्धता जिभेवर राहते, त्यावर मिरचीची धार आणि अल्कोहोलची जळजळ बोथट होते आणि लिंबू पुढचा घास मोकळा करतं. रिकाम्या पोटी हुर्राक घेऊ नका. लिम्का, मीठ आणि थंडावा यांत दारूची चव लपते, उन्हात तहान लागलेली असते आणि ग्लास पाण्यासारखा संपतो. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी प्या आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या. दारू न घेणाऱ्यांसाठी सकाळचा ताजा निरो मीठ आणि लिंबू घालून याच उसळीशी तितकाच जमतो.

उरलेली उसळ ओल्या खोबऱ्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतही बाहेर टिकत नाही, फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडा. हुर्राकाची बाटली एकदा उघडली की तिचा वास दर आठवड्याला थोडा थोडा उतरतो. पावसाळा लागण्याआधी ती संपवा आणि पुढच्या वर्षीसाठी साठवायचीच असेल तर फेणीची घ्या.