बाथटबचं बूच

[दृश्य: पानगळ झालेली झाडं, तळ्याचं करडं पाणी]

१९ फेब्रुवारी २०२३. रविवारची सकाळ. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं प्रॉस्पेक्ट पार्क. तळ्याच्या थंडगार पाण्यात एक मगर पडलेली. हलायचंही त्राण नाही.

बागेचे कर्मचारी तिला बाहेर काढतात. न्यायची कुठे? शहराच्या निवारा केंद्रात, जिथे एरवी कुत्री-मांजरं येतात. तिथून तिची रवानगी ब्राँक्स झूमध्ये.

ही आपल्या कृष्णा-वारणेतली मगर नव्हे. आपल्या मगरीनं तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो. हिचा दिसत नाही. ही अ‍ॅलिगेटर, फ्लोरिडा-लुइझियानाच्या उबदार दलदलीतली.

गटारातल्या मगरींची गोष्ट न्यूयॉर्ककरांना तोंडपाठ. हौसेनं आणलेली पिल्लं संडासात सोडली, ती गटारात माजली, वगैरे. बरीचशी लोणकढी. पण १९३५च्या फेब्रुवारीत ईस्ट हार्लेममध्ये बर्फ लोटणाऱ्या पोरांना मॅनहोलात मगर सापडल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सनं खरोखरच छापली होती.

माजायचं कसलं! हिला अंगची ऊब नसते. पाणी गार पडलं की अंग गार, आणि खाल्लेलंही पचेना.

[दृश्य: एक्स-रे]

लांबी जवळपास ५ फूट. वजन जेमतेम ७ किलो. असायला हवं होतं याच्या दुप्पट. आणि पोटात ही गोल चकती पाहा. ४ इंच रुंद. बाथटबचं बूच.

ती कुठे राहत असावी, हे आता वेगळं विचारायला नको. अंड्यातून निघालेलं पिल्लू वीतभर असतं. पुढे वर्षाला साधारण फूटभर वाढतं. मग बाथटब पुरत नाही. न्यूयॉर्कमध्ये मगर पाळणंच बेकायदा, म्हणजे उजळ माथ्यानं निवाऱ्यात आणून देण्याचीही सोय नाही. उरतं अंधारातलं तळं. मुंबई-पुण्यात नाण्याएवढं म्हणून आणलेलं लाल कानाचं कासव ताटलीएवढं झालं की याच वाटेनं जातं.

सुटकेनंतर तिचं नाव पडलं गॉडझिला. नळीनं अन्न, औषधं, ऊब, सगळं झालं. बूच काढायचं, तर तेवढं सोसण्याची ताकद तिच्यात नव्हती.

एप्रिलमध्ये ती गेली. शवविच्छेदनात जठराला व्रण आढळला. बुचानं केलेला.