दोन चिमट्यांमधला दाब

मंडळी, बाहेर नवतपा तापलाय. अशा दिवसांत सगळे घामाबद्दल बोलतात, आपण लघवीबद्दल बोलू. माणसाला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते. पण किडन्या गाळतात किती? 180 लिटर. मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर. अंगात प्लाझ्मा जेमतेम 3 लिटर, म्हणजे तोच दिवसातून 60 वेळा गाळला जातो आणि जवळजवळ सगळा परत रक्तात ओढून घेतला जातो.

एका किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळप करणाऱ्या बारीक नळ्या असतात. प्रत्येकाच्या सुरुवातीला केशवाहिन्यांचा एक गुंता, ग्लोमेरुलस. एरवी केशवाहिन्यांच्या अलीकडे धमनी आणि पलीकडे शीर असते. इथे दोन्हीकडे बारीक धमन्याच आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

संध्याकाळी अंगणात पाणी मारायचा पाइप घ्या. मधोमध दाभणाने चार-पाच भोकं पाडा. नळाकडची बाजू चिमटीत दाबलीत तर भोकांतून पाणी नुसतं झिरपेल. ती सोडून पुढची बाजू दाबा, चिळकांड्या उडतील. गुंत्यात येणारी धमनी ही पहिली चिमटी, बाहेर पडणारी ही दुसरी.

आता हिशेब. गुंत्यातला रक्तदाब साधारण 60 मिलिमीटर पारा. रक्तातली प्रथिनं पाण्याला मागे ओढतात, त्याचे 32 वजा. गाळलेलं पाणी ज्या पिशवीत पडतं तिथला उलटा दाब 18, तोही वजा. हाती उरले 10. सगळा कारभार एवढ्यावर! मुतखडा वाटेत अडकला की हा 18 चा उलटा दाब वाढतो, आणि गाळप मंदावतं.

मग बीपी दिवसभर वर-खाली होतं, तरी गाळप स्थिर कसं? दाब वाढला की पहिल्या धमनीची भिंत ताणली जाते आणि लगेच आवळते. शिवाय नेफ्रॉनची नळी वळून आपल्याच गुंत्यापाशी परत येते. तिथल्या पेशी जाणाऱ्या पाण्यातलं मीठ चाखतात. मीठ जास्त आलं, तर गाळप फार झालं असं समजून पहिली चिमटी आवळली जाते. कमी आलं तर पहिली सैल होते, किडनीतून रेनिन नावाचं द्रव्य सुटतं, त्यामुळे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होतं आणि ते दुसरी आवळतं. सरासरी रक्तदाब (बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) 80 च्या खाली गेला, की मात्र पहिलीला सैल व्हायला फारशी जागाच उरत नाही.

उन्हात राबून पाणी कमी पडलेल्या माणसाची किडनी दोन आधारांवर चालते: प्रोस्टाग्लँडिन हे अंगातच बनणारं द्रव्य पहिली चिमटी सैल ठेवतं, अँजिओटेन्सिन दुसरी घट्ट. त्यात अंग ठणकतं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं, तर या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, पहिला आधार गेला. बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर अँजिओटेन्सिनचा दुसरा आधारही ढिला. वर लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणखी कमी. यातली एकही गोळी वाईट नाही. तिघी एका कोरड्या अंगात जमल्या की घात होतो. नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामॉल या चिमट्यांना फारसं हात लावत नाही.

याचा अर्थ बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करा असा नाही, हे दोनदा सांगतो. उलट्या-जुलाब लागले किंवा ऊन बाधलं, तर त्या दिवसापुरतं काय थांबवायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. रॅमिप्रिल नव्याने सुरू झालं की क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, 30 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. दुसरी चिमटी सैल झाल्याचीच ती खूण. एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं ते यासाठी.

क्रिएटिनिन रक्तात साचून रिपोर्टात दिसायला एक-दोन दिवस जातात. लघवी बहुधा त्याआधीच कमी होते. जुनी बाटली घ्या, मापाच्या खुणा करा. 24 तासांत 400 मिलिलिटरही भरली नाही, तर रिपोर्टासाठी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.