शंकरनगरहून वाडीला, टॉवरशिवाय

[दृश्य: झीरो माइल, सकाळची वेळ. मागे रहदारी.]

सिव्हिल लाइन्समधला हा झीरो माइल. चार घोडे, वाळूखडकाचा स्तंभ, आणि सहा कोनांचा हा दगड. आपण नागपूरकर रोज याच्या बाजूनं जातो, पण उतरून वाचणारे थोडेच. दगडावर अंतरं कोरली आहेत, मैलांत: जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल, हैदराबाद, चांदा. रस्ता कुठं वळतो, मधे कोणतं गाव लागतं, हे या दगडावर नाही. कोण किती लांब, एवढंच आहे.

एवढ्याशा माहितीवर निरोप मुक्कामी पोचवता येतो का? मला हा प्रश्न २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पडला.

[दृश्य: अंबाझरीचा सांडवा, नाग नदीचं पात्र.]

त्या रात्री पाऊस असा कोसळला की अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, सगळीकडे पाणी. माझी मावशी त्याच भागात राहते. लाइन गेलेली, घरात गुडघाभर पाणी, आणि तिचा फोन लागेना. मी चार किलोमीटरवर होतो. सारखा नंबर लावत होतो, आणि आमच्या दोघांच्या मधे हजारो फोन चालू होते. त्या प्रत्येकात निरोप पाठवू-घेऊ शकणारा रेडिओ होता.

टॉवरला न विचारता फोननं शेजारच्या फोनला निरोप द्यायचा, त्यानं पुढच्याला. अशा जाळ्याला मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. मोकळ्यावर वाय-फाय साधारण शंभरेक मीटर पोचतं, म्हणजे चार किलोमीटरला चाळीसएक हात लागतील. अडचण वेगळीच आहे. हे हात जागेवर राहत नाहीत. कुणी गच्चीवर जातो, कुणी गाडी काढतो, कुणाची बॅटरी संपते.

जुनी पद्धत अशी, की आधी सगळ्यांना ओरडून विचारायचं, ‘अमुक फोन कुठाय?’ प्रत्येकानं तेच पुढं ओरडायचं, आणि उत्तर आलं की तो मार्ग लक्षात ठेवायचा. मधला एक जण हलला की मार्ग तुटतो, पुन्हा ओरडा. शहरभर हे सुरू झालं तर निरोपापेक्षा ओरड्यानंच हवा भरून जाते.

[दृश्य: शंकरनगर चौक. पानठेला.]

आता आपण पत्ता कसा शोधतो ते बघा. पानठेल्यावर गाडी थांबवली, ‘भाऊ, वाडीला कसं जायचं?’ तो अख्खा नकाशा सांगत बसत नाही. हात करतो, ‘इकडून सरळ जा, पुढं विचारा.’ स्थानावर आधारित राउटिंग, म्हणजे जागा बघून निरोपाला वाट दाखवणं, ते हेच. प्रत्येक फोनला तीन गोष्टी माहीत हव्यात: मी कुठं, माझे शेजारी कुठं, आणि निरोप कुठं जायचाय. शेजाऱ्यांपैकी जो मुक्कामाच्या सर्वांत जवळ, त्याच्या हाती द्यायचा आणि मोकळं व्हायचं. मार्ग कुणीच साठवत नाही, त्यामुळं तुटायलाही काही नसतं. ही कल्पना १९८० च्या दशकापासून मांडली जात होती. तिला पक्कं रूप देणाऱ्यांत ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग या संशोधकांची नावं घ्यावीच लागतात. त्यांची जीपीएसआर (ग्रीडी पेरिमीटर स्टेटलेस राउटिंग) पद्धत २००० साली आली.

[दृश्य: अंबाझरीची पाळ. कॅमेरा पश्चिमेकडे, पाण्यावर.]

शंकरनगरहून निघालेला निरोप पश्चिमेकडे सरकत सरकत इथं पाळीवर आला. वाडी समोर आहे, तळ्यापलीकडे. पण पाण्यात फोन नाहीत. आणि पाळीवर उभा असलेला हा फोन त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांपेक्षा वाडीला जवळचा आहे. पुढं देण्याजोगं कुणीच नाही. फक्त ‘जवळचा बघ’ एवढंच येत असेल, तर निरोप इथंच बुडाला.

कार्प आणि कुंग यांचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते अंधारात चालणाऱ्या माणसाचं आहे. उजवा हात भिंतीला लावा आणि चालत राहा. अडलेल्या जागेची नोंद निरोपावरच होते, आणि मग तो तळं उजव्या हाताला ठेवून काठाकाठानं निघतो, दक्षिणेकडे वळून. या वळणात तो काही काळ वाडीपासून लांबही जातो. जाऊ द्यायचं. ज्या क्षणी पाळीवरच्या त्या फोनपेक्षा वाडीला जवळचा फोन सापडला, हात भिंतीवरून काढायचा आणि पुन्हा सरळ.

एक अट आहे. फोनांमधल्या जोडण्यांच्या रेघा एकमेकींना छेदत असतील तर निरोप गोल गोल फिरत राहू शकतो. म्हणून दोन फोनांमधलं अंतर व्यास धरून वर्तुळ काढायचं, आत तिसरा फोन असेल तर ती थेट जोडणी या फेरीपुरती सोडून द्यायची.

आणि मावशी नेमकी कुठं आहे, हे कळायचं कसं? १९९८ साली यंग-बे को आणि नितीन वैद्य या संशोधकांनी यावर साधा हिशेब मांडला. समजा, कुणी तीस सेकंदांपूर्वी लॉ कॉलेज चौकात होता आणि सेकंदाला दहा मीटरनं जात होता. मग तो आता त्या चौकाभोवतीच्या तीनशे मीटरांत असणार. शोध त्या बाजूलाच घ्यायचा, सगळं शहर उठवायचं नाही. माहिती दहा मिनिटं जुनी असेल तर हेच वर्तुळ सहा किलोमीटरचं होतं, आणि पुन्हा शहरभर ओरडा.

युरोपात गाड्यांनी गाड्यांना धोक्याची सूचना द्यावी म्हणून केलेल्या मानकांत अशी राउटिंग आहे. आपल्या खिशातले फोन मात्र आपणहून एकमेकांचे निरोप वाहत नाहीत. ते वाहावेत, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: इतवारीतली अरुंद गल्ली. हातातला फोन, नकाशावरचा निळा ठिपका.]

इथं इतवारीत मी दुकानासमोर उभा आहे, हललेलो नाही. ठिपका बघा. आधी पलीकडच्या गल्लीत गेला, मग एका घराच्या मधोमध. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर आकाशाची पट्टी, उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात. या फोननं शेजाऱ्यांना आपली जागा सांगितली, तर ती चुकीची सांगेल, आणि निरोप त्या चुकीच्या जागेच्या भरवशावर निघेल.

[दृश्य: तोच फोन, अंबाझरीच्या पाळीवर. ठिपका स्थिर.]