बिस्किटांचा डबा आणि अर्धी कापलेली स्ट्रिप

नमस्कार मंडळी. पाऊस धरलाय, तुमच्याकडे भाताचा तरवा काढायची घाई चाललेली असेल, तर हात चालू द्या, फक्त कान इकडे द्या. आज मी बोलणारे आपल्या मनाने औषध घेण्याबद्दल. म्हणजे ताप आला, घरात गोळी होती, खाल्ली. शेजारणीला लागू पडली, तिने दोन दिल्या, खाल्ल्या. डॉक्टर मध्ये नाहीच.

मी २९ वर्षं इथे सिंधुदुर्गात एका लहानशा बाजारात मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. माझ्या काउंटरवर दहा माणसं आली तर चिठ्ठी घेऊन येणारी तीन, फार तर चार. बाकी सगळं तोंडी. "ती गुलाबी गोळी द्या", "मागच्या वेळची द्या", "अंगदुखीची कडक द्या". आणि हे फक्त आपल्या कोकणात नाही हं, अख्ख्या देशात असंच चालतं, शहरात पण, शिकलेल्यांत पण.

का चालतं? कारण पैसा आणि वेळ. सरकारी हिशोब आहे, २०१३-१४ साली देशात आरोग्यावर १०० रुपये खर्च होत असतील तर त्यातले ६४ लोक स्वतःच्या खिशातून भरायचे, २०२१-२२ ला ते ३९ वर आले. कमी झाले, चांगली गोष्ट आहे, पण ३९ पण काय थोडे नाहीत, आणि त्यातला मोठा वाटा औषधांचाच. मग माणूस म्हणतो डॉक्टरची फी तरी वाचवूया. आणि वाडीवरून सरकारी दवाखान्यात जायचं तर ओपीडी सकाळची आणि एसटी येते साडेअकराला, ती चुकली तर दिवसाची मजुरी गेली. मी किती वर्षं सांगतेय, एसटीचं टाइमटेबल दवाखान्याच्या वेळेला जुळवा, अर्धे आजार तिथेच पकडले जातील. असो.

मला खरं तर आबांची गोष्ट सांगायचीय.

दहा-बारा वर्षं झाली याला. लावणीचे दिवस होते, आजच्यासारखाच पाऊस. आमच्या बाजारापासून दोन कोसांवर आबांची वाडी. मुलगा मुंबईला, घरात आबा आणि सूनबाई. (त्या वाडीत आता बघाल तर भाताचे अर्धे कुणगे पडीक आहेत, गवत कमरेएवढं, लावायला माणूसच नाही, जीव तुटतो बघून. तेव्हा मात्र आबा एकटे तीन कुणगे करायचे.) तर एक दिवस सूनबाई दुकानात आली, म्हणाली, "वयनी, चार तापाचे गोळये दी, आबांका ताप इलोहा." मी दिल्या. पॅरासिटामॉल. काही विचारलं नाही मी, गर्दी होती.

ताप उतरला, परत चढला. अंग इतकं ठणकायला लागलं की आबांना उठवेना. मग सूनबाईने फळीवरचा डबा काढला. तुमच्याकडे पण असेल तो डबा, पत्र्याचा, बिस्किटांचा, वरचं चित्र घासून गेलेलं. त्यात गोळ्या. मुलगा दर गणपतीला मुंबईहून येताना घेऊन यायचा, कोणाच्या तरी उरलेल्या, स्वतःच्या उरलेल्या, "गावाक उपयोगी पडतले" म्हणून. प्रेमानेच आणायचा बिचारा. त्यातली एक अंगदुखीची गोळी लागू पडली. मग आबा ती दिवसातून तीनदा घ्यायला लागले, चार दिवस, पोटात पेजेच्या चार घोटांपलीकडे काही नाही, पाणी पण जेमतेम. आणि सोबत एक पिवळी कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, ती कसली ते कोणालाच माहीत नाही.

पाचव्या दिवशी सूनबाई परत माझ्याकडे. पोटऱ्यांना चोळायला मलम मागत होती. म्हणाली, आबा म्हणतात, "दिसभर चिकलात वाकान रवल्यार पोटरे दुखतले नाय तर काय?" मी मलम काढलं पण, हातात होतं माझ्या. आणि जाता जाता ती सहज बोलली की डोळे पण लाल झालेत आणि, "वयनी, कालपास्ना आबा लघवीक गेलेच नाय."

मी मलम खाली ठेवलं.

लाल डोळे, पोटऱ्या दुखणं, ताप, चिखलातलं काम, आणि लघवी बंद. आपल्याकडे पावसात हे ऐकलं की पहिला संशय लेप्टोचा. लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात येतो आणि पायाला भेग असेल, खरचटलं असेल, तिथून आत शिरतो. लवकर कळलं तर साध्या औषधांनी बरा होतो, उशीर झाला की किडनी धरतो. समोरच डॉक्टरांचा दवाखाना, रिक्षा पाठवून आबांना आणलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय काय औषध घेतलं? सूनबाईने पिशवीतून डबा काढला. अख्खा डबाच आणला होता तिने, हुशार पोर.

डॉक्टरांनी मला बोलावलं, वर्तमानपत्र पसरून आम्ही डबा ओतला. ७१ गोळ्या. मंडळी, त्यातल्या निम्म्यांवर नाव नाही. स्ट्रिप अशा कापलेल्या की नाव एका तुकड्यावर राहिलं, तारीख दुसऱ्या तुकड्यावर, आणि आपल्याकडे आलेल्या तुकड्यावर नुसती चांदी. आबा खात होते त्या अंगदुखीच्या गोळीचा पण तसाच तुकडा. मी तो उचलून उजेडात धरला. कापलेल्या कडेला एक बारीक दात होता.

माझ्या दुकानातल्या कात्रीच्या पात्याला एक खाच पडलेली होती. ती जिथे कापायची तिथे बरोबर तसा दात राहायचा. म्हणजे ती गोळी मुंबईची नव्हतीच. कधीतरी मीच विकली होती, चिठ्ठीशिवाय, कापून, नाव माझ्याकडे ठेवून.

खाचेमुळे ओळखली होतीच, तरी काउंटरवरच्या राहिलेल्या पट्टीशी मिळवून बघितली, रंग, आकार, हीच. जोरदार पेनकिलर. ताप दाबून टाकते, दुखणं दाबते, म्हणून चार दिवस आजार लपून राहिला, आणि अंगात पाणी कमी असताना घेतली की किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. लेप्टो आधीच किडनीवर, वरून ही. आबांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, दोनदा डायलिसिस लागलं, अकराव्या दिवशी घरी आले. ते अकरा दिवस मी दुकानात बसून प्रत्येक स्ट्रिप कापताना हात थांबायचा माझा.

तेव्हापासून माझ्याकडे नियम झाला. स्ट्रिप कापायची तर नावाचा आणि तारखेचा भाग शेवटपर्यंत राहील अशी कापायची, आणि कागदी पाकिटावर मराठीत लिहून द्यायचं, कशाची, कधी, किती दिवस. आणि हे मी आग्रहाने म्हणेन, औषधाचं नाव स्ट्रिपवर ठळक मराठीत पण पाहिजे. २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड आलाय, चांगलंय, पण आमच्या वाडीत रेंज नाही आणि सूनबाईला वाचायला येतं ते मराठी.

बाकी नियम थोडक्यात सांगते. ज्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ आहे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. परत सांगते, लाल रेघ, चिठ्ठी पाहिजे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन म्हणून औषधांची एक यादी आलीय, त्यात भारी अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, सवय लावणारी औषधं असली ४६ औषधं होती, ती विकली की केमिस्टने रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तुमच्याकडे चिठ्ठी मागितली तर चिडू नका. हजारच्या आत वस्तीच्या गावात किराणा दुकानदार पॅरासिटामॉल, बाम असल्या घरगुती गोष्टी विकू शकतो, तेवढी सूट कायद्यात आहे. अँटिबायोटिकला नाही.

आणि ती पिवळी कॅप्सूल? ती अँटिबायोटिकच निघाली, दुसऱ्याच कोणाच्या दुसऱ्याच आजाराची. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग १९४५ साली नोबेलच्या भाषणात हेच सांगून गेले, घसा दुखतो म्हणून माणूस आपल्या मनाने पेनिसिलिन घेतो, कमी घेतो, जंतू मरत नाहीत, उलट शिकून तयार होतात, आणि तेच जंतू बायकोला लागतात. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी जगात १२ लाख ७० हजार माणसं गेली.

तर लावणीचे दिवस आहेत. ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा, मी चिखलात उतरलो होतो. विचारायची वाट बघू नका. चिखल सांगा आणि काय गोळी खाल्ली ती सांगा, स्ट्रिप घेऊन जा, डबा असेल तर डबा घेऊन जा. आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना फोन करून आत्ताच सांगा, उरलेल्या गोळ्या आणू नका.

आबा अजून आहेत, ऐंशीच्या घरात. मुलाने गमबूट पाठवलेत, ते चिखलात रुततात म्हणून बांधावर काढून ठेवतात, त्यावरून माझं त्यांच्याशी भांडण चालूच आहे. पण मागच्या आठवड्यात अंग कसकसलं तर दुसऱ्या दिवशी रिक्षा करून दवाखान्यात हजर. मी बीपी दाखवायला बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. डॉक्टर पेन उघडतायत तोवर आबा म्हणाले, "मी चिकलात उतरललंय, आणि अजून एकव गोळी खाऊक नाय."